उपाध्यक्ष झालास, आता जेफरसनचं ऐक

प्रिय,

तुझा मेसेज नीट वाचला. अध्यक्षपद थोडक्यात हुकलं, उपाध्यक्षपद गळ्यात पडलं आणि ज्याच्या हाताखाली काम करायचं तो कालपर्यंतचा जिवलग, चिडचिड होणारच रे. पण 'पत्रकार मित्राला हिशोबाचं सगळं पुरवतोय, माझं नाव येणार नाही' हे वाचलं आणि मला राहवेना.

१७९६ ला अमेरिकेत जॉन ॲडम्सला ७१ मतं पडली, थॉमस जेफरसनला ६८, आणि तेव्हाचा नियमच असा की दुसरा आला तो व्हाइस प्रेसिडेंट, मग तो विरोधी गटाचा का असेना. दोघांची दोस्ती जुनी, पॅरिसला असताना तर अगदी घरोबा. जेफरसनने ॲडम्सला मनापासून एक पत्र लिहिलं पण थेट धाडलं नाही, आधी आपल्या गटातला मित्र जेम्स मॅडिसन याला दाखवायला पाठवलं, मॅडिसनने राजकीय हिशोब केला आणि पत्र स्वतःकडेच ठेवून घेतलं. मला या सगळ्या प्रकरणात याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

मार्च १७९७ मधे आधीचे प्रेसिडेंट जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याकडे जेवून दोघं फिलाडेल्फियात बरोबर चालत निघाले, फ्रान्सला कोणाला पाठवायचं यावर बोलणं चालू होतं, फिफ्थ स्ट्रीटला रस्ते वेगळे झाले, आणि जेफरसनने लिहून ठेवलंय की त्यानंतर ॲडम्सने सरकारच्या कुठल्याच कामात त्याला विचारलं नाही.

ॲडम्सचंही चुकलंच. १७९८ चा सेडिशन ॲक्ट, म्हणजे सरकारविरुद्ध लिहिलं तर जेल, त्यावर सही त्याचीच. जेफरसनचा विरोध शंभर टक्के बरोबर होता, पण केला कसा? केंटकी राज्याचे या कायद्याविरुद्धचे ठराव नाव लपवून लिहिले, आणि कॅलेंडर नावाच्या पत्रकाराला पैसे पुरवले, ज्याने ॲडम्सवर वाट्टेल ते छापलं आणि त्यापायी जेलमधे गेला. जेफरसन प्रेसिडेंट झाल्यावर त्याने कॅलेंडरला माफी दिली पण हवी ती पोस्टमास्तरकी दिली नाही, तर हाच कॅलेंडर उलटला आणि १८०२ मधे जेफरसन आणि त्याच्याकडची गुलाम सॅली हेमिंग्ज यांचं प्रकरण छापून मोकळा झाला.

१८०४ ला जेफरसनची मुलगी पॉली गेली. लहानपणी लंडनला ॲडम्सची बायको ॲबिगेल हिने तिला सांभाळलं होतं, म्हणून तिने सांत्वनाचं पत्र लिहिलं. त्यातून पत्रव्यवहार सुरू झाला खरा पण कॅलेंडरचा विषय निघाला आणि तोही तुटला, कारण नवऱ्याची बदनामी करणाऱ्याला पैसे कोणी दिले हे ती विसरली नव्हती. ॲडम्स आणि जेफरसन पुन्हा एकमेकांना लिहायला लागले ते थेट १८१२ मधे.

त्या पत्रकाराला आजच थांबव. हिशोबाचा तुझा मुद्दा मला पटलाय, तो अजिबात सोडू नकोस, पण मीटिंगमधे अध्यक्षाच्या तोंडावर मांड, लेखी दे, खाली सही तुझी कर. आणि तुला त्याला वेगळं काही लिहावंसं वाटलं तर मला चेक करायला पाठवत बसू नकोस, सरळ त्याच्याच हातात दे.