बँकेचे घसरलेले शेअर आणि नव्या रेल्वेतील गुंतवणूक

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. एका खासगी बँकेचे शेअर मी बाजारातून घेतले होते. बँकेने थकीत कर्जे दडवून नफा फुगवला होता, हे पुढे उघड झाले आणि माझी निम्म्याहून अधिक रक्कम गेली. परदेशात भागधारक एकत्र येऊन बँकांवर दावे लावतात, तसे आम्हाला करता येईल का? उरलेले पैसे पुणे–नाशिक रेल्वेसारख्या नव्या मार्गांत गुंतवावेत, असे मुलगा म्हणतो. आपले मत कळवावे.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : परदेशाबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने २००८ मध्ये आपल्या भागधारकांना २०० पेन्स दराने हक्कभाग (आधीच्या भागधारकांना देऊ केलेले नवे शेअर) विकले आणि त्याच वर्षी ती कोसळली. खरी स्थिती लपवल्याचा दावा लावणाऱ्यांना २०१७ च्या तडजोडीत प्रतिशेअर ८२ पेन्स मिळाले. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम २४५ नुसार शंभर भागधारक एकत्र येऊन राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात आणि कंपनी, संचालक, इतकेच काय पण लेखापरीक्षकांकडूनही भरपाई मागू शकतात. मात्र याच कलमाच्या नवव्या पोटकलमात, अवघ्या एका ओळीत, बँकिंग कंपन्यांना यातून वगळले आहे. बँकेवरील दाव्याने ठेवीदार बिथरू नयेत, असा विचार त्यामागे असू शकतो. परंतु जिथे सामान्य माणसाचे पैसे सर्वाधिक गुंतलेले असतात तिथेच हा मार्ग बंद ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

उरलेले मार्ग अरुंद आहेत. कलम २४१ खाली गैरकारभाराची तक्रार करता येते, पण त्यातून व्यवस्थापनाला वेसण बसते, भाव पडल्याचे नुकसान सहसा भरून येत नाही. शेअर विक्रीला काढताना दिलेल्या दिशाभूल करणाऱ्या माहितीपत्रकाबद्दल कलम ३५ खाली भरपाई मागता येते, परंतु ती त्या माहितीपत्रकावर विसंबून शेअर घेणाऱ्यांसाठी आहे. आपण बाजारातून घेतले आहेत. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार संकेतस्थळावर तक्रार अवश्य नोंदवावी, मात्र सेबीने ठोठावलेला दंड सरकारी तिजोरीत जमा होतो, आपल्या खात्यात नव्हे. शिवाय बँक पूर्ण अडचणीत आली, तर भागधारकाचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो. नोव्हेंबर २०२० मध्ये लक्ष्मी विलास बँक सिंगापूरच्या डीबीएस बँकेच्या भारतीय कंपनीत विलीन झाली तेव्हा ठेवी सुरक्षित राहिल्या आणि भागभांडवल मात्र पूर्णपणे रद्द करण्यात आले.

आता रेल्वेविषयी. पुणे–नाशिक मार्गासाठी पुढे आलेली महारेल ही राज्य सरकार आणि रेल्वे मंत्रालय यांची संयुक्त कंपनी आहे आणि तिचे शेअर बाजारात मिळत नाहीत. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीला अडथळा होऊ नये म्हणून त्या मार्गाची आखणीही बदलावी लागली. पुणे मेट्रो केंद्र व राज्याच्या भागीदारीतील महामेट्रोची आहे, तर हिंजवडी–शिवाजीनगर मार्ग खासगी भागीदारीतला असला तरी त्या कंपनीचे शेअरही आपल्याला बाजारात घेता येणार नाहीत. १८५८ मध्ये पुण्यापर्यंत गाडी आणणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची सरकारी हमी होती आणि कमी पडणारी रक्कम हिंदुस्थानच्या महसुलातून दिली जाई. आजच्या भागधारकाला असे संरक्षण नाही.

आपल्याला घेता येतील ते रेल्वेशी निगडित सरकारी कंपन्यांचे शेअर, उदाहरणार्थ आयआरएफसीचे (इंडियन रेल्वे फायनान्स कॉर्पोरेशन). ही कंपनी बाजारातून कर्ज उभारून रेल्वेला मुख्यतः डबे आणि इंजिने भाडेपट्ट्याने देते, आणि तिचा नफा कर्जाचा खर्च आणि मिळणारे भाडे यांतील ठरावीक, लहान फरकातून येतो. जानेवारी २०२१ मध्ये २६ रुपयांना विकलेला तिचा शेअर जुलै २०२४ मध्ये दोनशेच्या वर गेला होता. एवढी झेप भाडेपट्ट्याच्या उत्पन्नावरून समजत नाही, ती बाजाराच्या अपेक्षांची होती. निवृत्तिवेतनाला जोड म्हणून पैसे हवे असतील, तर त्याच कंपनीचे जुने करमुक्त रोखे (ज्यांच्या व्याजावर प्राप्तिकर लागत नाही असे) मी आधी पाहीन, कारण त्यांवरील व्याज कराराने बांधलेले असते आणि शेअरचा लाभांश तसा नसतो. हे रोखे शेअर बाजारात डिमॅट खात्यातून घेता येतात. मात्र खरेदी–विक्री तुरळक होते आणि भाव अनेकदा दर्शनी किमतीच्या वर असतो. म्हणून रोख्यावर छापलेला व्याजदर न पाहता, आजच्या भावाने घेऊन मुदतीपर्यंत ठेवल्यास प्रत्यक्षात किती टक्के पडतात, ते दलालाकडून लेखी घ्यावे.