मोटरसायकलच्या ब्रेक लाइटला फ्लॅशिंग मॉड्यूल कसं बसवावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी होंडा शाईन आहे, रात्रपाळीसाठी सोलापुरातून पुणे रोडने रोज चिंचोळी एमआयडीसीला ये-जा आहे आणि मागून येणारे ट्रक अगदी अंगावर येतात. ब्रेक दाबल्यावर लुकलुकणारा दिवा हवा म्हणून तुम्ही ऑनलाइन मॉड्यूल, म्हणजे दिवा लुकलुकवणारं छोटं सर्किट, मागवलंय. त्याला चार वायरी आहेत. त्या कुठे जोडायच्या आणि पोलीस अडवतील का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

जोडणी तासाभराची आहे. पण एक गोष्ट आधी ठरवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. मूळ ब्रेक लाइटच्या वायरीत हे मॉड्यूल घालू नका. तो दिवा कंपनीने दिला तसाच राहू द्या, म्हणजे ब्रेक दाबला की लागणारा आणि सोडेपर्यंत एकसारखा जळणारा. मॉड्यूलवर वेगळा, छोटा लाल एलईडी दिवा चालवा. मोटरसायकलला ब्रेक लाइट एकच असतो. शंभर-दोनशे रुपयांच्या मॉड्यूलमधला सोल्डरचा एखादा टाका सुटला की तो एकमेव दिवा जातो, आणि गेलाय हे चालवणाऱ्याला कळतही नाही, कारण तो पाठीमागे आहे. वेगळा दिवा लावला तर मॉड्यूल जळलं तरी तुम्ही पूर्वी होतात तिथेच राहता, त्याहून वाईट काही होत नाही. बहुतेक व्हिडिओंमध्ये नेमकी उलटी जोडणी दाखवतात, म्हणून हे इतकं जोर देऊन सांगतोय.

दुसरं कारण बल्बचं. तुमच्या गाडीत १२ व्होल्ट २१/५ वॅटचा दोन फिलामेंटचा बल्ब आहे: ५ वॅट टेलचं (मागे कायम जळणाऱ्या दिव्याचं), २१ वॅट ब्रेकचं. फिलामेंट तापून पूर्ण उजेड द्यायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग घेतं. मागचा ट्रक ताशी ६० किलोमीटरने येत असेल तर तेवढ्यात तो तीन मीटरहून जास्त पुढे सरकतो. एलईडी मात्र लगेच लागतो. हाच बल्ब सेकंदाला आठ-दहा वेळा चालू-बंद केला तर तो धड विझत नाही आणि धड पेटतही नाही, नुसता मिणमिणतो. एकसारख्या जळणाऱ्या दिव्यापेक्षा तो कमी दिसतो, म्हणजे पैसे घालून उलटंच काम होतं. फिलामेंट थंड असताना करंटही कित्येक पट ओढतं, त्यामुळे स्वस्त मॉड्यूलमधला ट्रान्झिस्टर तिथेच दमतो.

सामान फार नाही. तीन ते पाच वॅटचा, पाणी न शिरणारा १२ व्होल्टचा लाल एलईडी दिवा. लालच घ्या, पांढरा एलईडी लाल काचेआडून गुलाबी-फिका दिसतो. एक अँपिअरचा फ्यूज आणि वायरीतला फ्यूज होल्डर. टेल लॅम्पच्या वायरिंगला बसणारी तीन पिनची नर-मादी कपलरची (एकमेकांत बसणाऱ्या वायर-प्लगची) जोडी. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची वायर दीड-दोन मीटर, तीन रंगांत. हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी) आणि झिप टाय. त्याशिवाय इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून दोन वस्तू मागून घ्या: एक १एन४००७ डायोड आणि एक पी६केई१८ए. दोन्ही मिळून किंमत किरकोळ आहे, पण मॉड्यूलचं आयुष्य त्यांच्यावर ठरतं. पहिला वायर उलटी जोडली गेली तर वाचवतो. दुसरा हॉर्न किंवा रिले सुटताना वायरिंगमध्ये येणारा व्होल्टेजचा झटका गिळतो.

मॉड्यूल निवडताना (मागवलेलं बसलं तर उत्तमच) दोन गोष्टी बघा. दाबल्यावर तीन-चार वेळा लुकलुकून पुढे स्थिर जळणारं हवं, अखंड लुकलुकणारं नको. आणि एकदा लुकलुकल्यावर काही सेकंद पुन्हा न लुकलुकणारं असेल तर सोन्याहून पिवळं. सोलापुरात सात रस्त्याला किंवा अशोक चौकात गर्दीत दर दहा फुटांवर ब्रेक लागतो. तिथे दरवेळी चमकणारा दिवा मागच्याला वैताग आणतो आणि त्याच्या डोळ्याला त्याची सवय होते. ज्या वेळी खरंच बघायला हवं, नेमकं तेव्हा तो बघत नाही. लुकलुकण्याचा वेग सेकंदाला चारच्या आसपास असावा. युरोपात कारला जोरात ब्रेक लागल्यावर चमकणाऱ्या दिव्यांचा नियम आहे. त्यात ताशी ५० किलोमीटरच्या वरून जोराचा ब्रेक लागला तरच, सेकंदाला तीन ते पाच वेळा अशी मर्यादा घातली आहे. याहून सावकाश केलंत तर ते इंडिकेटरसारखं दिसतं. इंडिकेटर मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा, म्हणजे सेकंदाला एक-दोनदा लुकलुकतो.

आता वायरी. सीट आणि मागचं कव्हर काढलं की टेल लॅम्पकडे जाणारा कपलर दिसतो. होंडा आणि हिरोच्या जुन्या घराण्यातल्या गाड्यांत हिरवी वायर म्हणजे अर्थिंगची (निगेटिव्ह, पुढे नुसतं 'अर्थ'), तपकिरी म्हणजे टेल, हिरवी-पिवळी म्हणजे ब्रेक. यामाहात ब्रेकची वायर पिवळी आणि अर्थची काळी असते. रंगावर विसंबू नका, कारण जुन्या गाडीचं वायरिंग मधे कुणी बदललेलं असू शकतं. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी टोक अर्थला, लाल टोक संशयित वायरीला लावा, किल्ली चालू करून ब्रेक दाबा. १२ च्या वर आकडा आला आणि सोडल्यावर शून्य झाला तर ती ब्रेकची वायर. किल्ली फिरवल्याबरोबर आकडा आला आणि ब्रेकशी त्याचा संबंधच नसेल तर ती टेलची. जुन्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांत टेल लॅम्प हेडलाइटबरोबर एसीवर, म्हणजे बॅटरीच्या डीसीऐवजी उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर चालतो. तिथून मॉड्यूलला वीज दिली तर ते चालत नाही किंवा जळतं.

मूळ वायर कापू नका. टोचून बसणारी निळी-लाल क्लिप तर अजिबात वापरू नका. ती वायरीच्या तारा अर्धवट तोडते, तिथे पावसाळ्यात गंज धरतो आणि पुढच्या उन्हाळ्यात मूळ ब्रेक लाइटसुद्धा अधूनमधून जायला लागतो. त्याऐवजी आणलेल्या कपलर-जोडीची वीतभर लांबीची जोडवायर तयार करा: एका टोकाला नर, दुसऱ्या टोकाला मादी, तिन्ही वायरी सरळ जाणाऱ्या. हिच्यातल्या हिरव्या-पिवळ्या आणि हिरव्या वायरीला फाटा काढून सोल्डर करा. स्लीव्ह आधी सरकवून ठेवा आणि मगच पिन कपलरमध्ये बसवा. हे विसरलं की टाका पुन्हा सोडवावा लागतो. तयार जोडवायर गाडीच्या कपलरमध्ये घातली की मूळ वायरिंगला ओरखडाही पडत नाही. रस्त्यात काही बिघडलं तर ती उपसून मूळ कपलर परत जोडायला मिनिटसुद्धा लागत नाही.

क्रम असा: हिरव्या-पिवळ्या वायरीचा फाटा, मग फ्यूज, मग डायोड, मग मॉड्यूलची लाल इनपुट वायर. डायोडवर जी पांढरी पट्टी असते ती मॉड्यूलच्या बाजूला. पी६केई१८ए मॉड्यूलच्या इनपुटच्या लाल-काळ्यामध्ये आडवा, त्याची पट्टी लालच्या बाजूला. काळी इनपुट हिरव्या फाट्याला. उरलेल्या दोन वायरी आउटपुटच्या, त्या एलईडीला. लाल-लाल, काळी-काळी. काही मॉड्यूलमध्ये आउटपुटची काळी वायर थेट अर्थ नसते, आतून चालू-बंद होत असते. म्हणून एलईडीची काळी वायर गाडीच्या बॉडीला लावायचा मोह आवरा, ती मॉड्यूललाच द्या. बॉडीला लावली तर एलईडी लुकलुकणारच नाही, स्थिर जळेल, आणि मॉड्यूल खराब आलं असं वाटेल.

सगळा ताप खरा इथल्या उन्हाचा आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ ला असतो आणि गाडी दिवसभर उन्हात उभी असली तर सीटखाली त्याहून बरंच जास्त तापतं. काळ्या इन्सुलेशन टेपचा डिंक पाघळतो, टेप सरकते, बोटाला चिकट राळ लागते आणि आतला जोड उघडा पडतो. म्हणून प्रत्येक टाक्यावर हीट श्रिंकच. मॉड्यूलवरही मोठी स्लीव्ह चढवून दोन्ही तोंडं सिलिकॉनने बंद करा. वायरी मॉड्यूलमधून खालच्या बाजूने निघतील असं ते झिप टायने बांधा आणि वायरीला मॉड्यूलच्या खाली थोडा झोल ठेवा. सर्व्हिसिंगला प्रेशरने गाडी धुतली तरी थेंब त्या झोलाच्या टोकाला गळून जातो, आत चढत नाही.

एलईडीची जागा टेल लॅम्पच्या लगत खाली, सरळ मागे बघणारी. नंबर प्लेट झाकता कामा नये आणि प्लेटवर लाल उजेडही पडता कामा नये. दिवा वर तोंड करून बसला तर जवळच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यात जातो आणि दूरच्या ट्रकवाल्याला दिसतच नाही. गाडी स्टँडवरून उतरवून, कुणाला तरी बसवून मग कोन ठरवा, कारण वजन पडलं की मागचा भाग खाली जातो.

बसवून झालं आणि नीट चालेना, तर दोष बहुतेक वेळा मॉड्यूलमध्ये नसतो. किल्ली चालू करताना एकदाच लुकलुकतो आणि मग ब्रेक दाबूनही काही होत नाही, याचा अर्थ ब्रेक स्विच अडकून राहिलाय आणि दिवा सतत जळतोय. मागच्या पेडलचा स्विच उजव्या फूटरेस्टजवळ असतो, पेडलला स्प्रिंगने जोडलेला. स्विचचं अंग हातात घट्ट धरून फक्त त्यावरची नट फिरवा. अंगच फिरवलं तर वरच्या वायरी पिळून तुटतात. पेडल साधारण सेंटिमीटरभर खाली गेल्यावर, ब्रेक धरायच्या जरा आधी दिवा लागला पाहिजे. पुढच्या लिव्हरचा स्विचही तपासा. धुळीने तो जाम होतो किंवा मुळात चालतच नसतो. पुढचा ब्रेक दाबल्यावर दिवाच लागत नसेल, तर मॉड्यूल राहू द्या, आधी तो स्विच बदला.

खड्ड्यांच्या रस्त्यावर दिवा अखंड लुकलुकत राहिला, तर पाय पेडलवर टेकलेला आहे किंवा स्विच फार ताणून बसवलाय. प्रत्येक धक्क्याला जोड सुटतो-लागतो आणि मॉड्यूल पहिल्यापासून सुरू होतं. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद उजळले किंवा टेल विझला, तर अर्थ कच्चा आहे. हिरव्या वायरीचा जोड घासून साफ करा. ब्रेक न दाबताही एलईडी काजव्यासारखा मंद दिसत असेल तर थोडी वीज पाझरतेय. एलईडीच्या दोन वायरींमध्ये एक किलोओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावला की तो पूर्ण विझतो. आणि मॉड्यूल दोन-दोन महिन्यांत जळत असतील तर बॅटरीवर मीटर लावून इंजिन रेस करा. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट ठीक. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय, बॅटरीही लवकरच जाईल.

पोलिसांचं आणि आरटीओचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत परवानगी नसलेला बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जोडदिवा हाही बदलच. मूळ दिवा शाबूत आणि स्थिर असणं, जोडदिवा फक्त लाल असणं आणि तोही तीन-चार चमकांनंतर स्थिर होणं, एवढं पाळलंत तर निदान कुणाला धोका होत नाही. पण हरकत घेतली तर ऐकावं लागेल. निळा-लाल आलटून-पालटून चमकणारा दिवा मात्र लावूच नका.

एक भर घालतो. ब्रेक लाइट फक्त ब्रेक दाबल्यावर दिसतो. ऊस हंगामात पुणे रोडवर ट्रॉल्यांच्या मागे सावकाश जाताना तुम्ही ब्रेक दाबलेलाच नसतो. त्या वेळेसाठी मागच्या मडगार्डवर आणि हेल्मेटच्या मागे लाल रिफ्लेक्टर टेप लावा. तिला वायर लागत नाही, फक्त आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने धूळ पुसावी लागते.

शेवटी तपासणी. रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून लावा. भिंतीवरचा उजेड बसल्या जागेवरून दिसतो. आधी फक्त पुढचा ब्रेक, मग फक्त मागचा. मग मॉड्यूलच्या वायरीतला फ्यूज काढून दोन्ही पुन्हा दाबा. फ्यूज काढल्यावरही मूळ दिवा भिंतीवर पूर्ण उजेडाने दिसला तरच कव्हर बसवा.