दोन एकर मुरमाड रानात चिंच लावावी का?

तुम्ही लिहिलंय की रान मुरमाड आहे, विहीर जानेवारीत तळ गाठते आणि तुम्ही स्वतः नोकरीमुळे पुण्यात असता. पहिल्या दोन गोष्टी चिंचेला चालतात. तिसरीचा विचार आधी करा.

आमच्या बांधावरच्या चिंचा आजोबांच्याही आधीच्या. त्यांना कुणी कधी खत-पाणी केल्याचं ऐकिवात नाही, तरी शेंगा येतात. पण ती सगळी बियांची झाडं. बियाचं झाड फळाला यायला आठ-दहा वर्षं घेतं आणि शेंग कशी निघेल ते नशीब. तुम्ही कलमंच घ्या, चौथ्या-पाचव्या वर्षी शेंगा दिसू लागतात. छत्रपती संभाजीनगरला हिमायतबागेत फळ संशोधन केंद्र आहे, तिथली ‘प्रतिष्ठान’ ही जात मी निवडेन. तमिळनाडूतल्या पेरियाकुलमची ‘पीकेएम-1’ही आहे. अंतर 10 बाय 10 मीटर ठेवा, म्हणजे एकरी 40 झाडं. रोपं लावल्यावर रान ओकंबोकं दिसतं आणि मध्ये आणखी एक ओळ घालायचा मोह होतो. घालू नका. त्या पट्ट्यात सुरुवातीची वर्षं मूग, मटकी, हुलगा घ्या. पहिले दोन उन्हाळे पाणी मात्र द्यावंच लागेल. बुडाशी मडकं पुरून भरत राहिलं तरी रोप तगतं. कलमाच्या जोडाखालून फूट आली की लगेच काढायची, नाहीतर वरचं कलम मरून खालचा खुंटच वाढतो.

‘शेंगवर्गीय झाड, म्हणजे जमिनीला नत्र देईल’ हा तुमचा हिशोब इथे लागू नाही. चिंच त्या कुळातली खरी, पण तिच्या मुळांवर गाठी धरत नाहीत. शेणखत घालावं लागेल.

आता खरी अडचण. शेंगा फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकतात, आणि उंच झाडावर चढून फांद्या हलवणारा माणूस हल्ली सहज मिळत नाही. जो मिळतो तो काठीने झोडपतो, त्यात पुढच्या बहराच्या कोवळ्या फांद्याही मोडतात. खाली पडलेला माल वाळवायचा, टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, चिंचोके वेगळे करायचे. हे सगळं हाताचं काम, बहुतेक बायकाच करतात, किलोच्या दराने. शंभर किलो शेंगांतून गर निघतो पन्नास-पंचावन्न किलो. चिंचोक्यांनाही गिऱ्हाईक आहे, त्यांची खळ होते, पण भाव गराला. तोही लालसर असेपर्यंतच! घरात ठेवलेली चिंच पावसाळ्यात काळी पडते आणि भाव उतरतो, म्हणून व्यापारी ती शीतगृहात टाकतात. बार्शी-लातूरकडच्या आडतीत हेच चालतं. शिवाय एक वर्ष झाड लगडलं की पुढच्या वर्षी हात आखडतं.

म्हणून लावायच्या आधी गावात विचारून बघा, ऐन उन्हाळ्यात चिंच फोडायला कोण येईल. कुणी येणार नसेल तरी लावा, पण दरवर्षी झाडं व्यापाऱ्याला उक्ती द्यायची हे धरून चाला. झोडणी, फोडणी, वाहतूक सगळं त्याचं. भाव कमी मिळेल, पण पुण्यात बसून तेवढंच जमेल. सौदा मात्र फुलोऱ्यावर करू नका. शेंगा भरल्यावर, झाडाखाली स्वतः उभं राहून करा.