आबांच्या 46 किलोंत पुस्तक कुठं होतं?

ओहायोहून एका सूनबाईचं पत्र आलंय. माहेर-सासर दोन्ही कोल्हापूरचं. मला 'काकू' म्हटलंय, तेव्हा मी सरळ अगं-तुगंवरच येते.

चार पानांत नऊ तक्रारी आहेत बघ तुझ्या. फोडणी घातली की धुराचा अलार्म बोंबलतो? खिडकी उघड, आणि अलार्मवर प्लास्टिकची टोपी चढवू नकोस. आम्ही चढवली होती, घरमालकाचं ऐकून घेतलं. मिक्सर नुसता कण्हतो, कारण आपला 230 व्होल्टचा आणि तिथली वीज 120ची. तिकडचाच घे. कढीपत्ता धुऊन-पुसून फ्रीझरमध्ये टाक. झालं.

सातव्या तक्रारीवर मात्र मी अडले. "आबांना येऊन दोन महिने झाले. एवढा मोठा टीव्ही आणला, तरी ते लोणच्याच्या बरणीला गुंडाळून आलेला पेपर सरळ करून तोच तोच वाचतात. मोबाइलवर पेपर लावून दिला, तर म्हणतात, हे वाचणं नव्हे, बोट फिरवणं."

बरोबरच म्हणतात! अगं, आबांच्या बॅगा दोन, 23-23 किलोच्या. आत काय होतं ते तूच लिहिलंयस. कांदा-लसूण चटणी, बेसन, तुझे ड्रेस, तो कण्हणारा मिक्सर. त्या 46 किलोंत त्यांच्या वाटणीचा एक दिवाळी अंक मावला नाही? तुला जीव लावणारा माणूस तुझं ओझं वाहून आला आणि आता बरणीचा कागद वाचतोय. वाईट वाटू दे थोडं. मी पण हेच केलंय, म्हणून बोलते.

माझे मामंजी 1991 साली न्यू जर्सीला आले. आमच्या कोल्हापूरचं ग्रंथालय, करवीर नगर वाचन मंदिर, 1850 सालचं, तिथं त्यांची रोजची दुपार जायची. आमच्याकडं चार वाजले की ते बूट घालून सोफ्यावर बसायचे. जायचं कुठंच नसायचं. महिनाभर मला वाटत होतं, पाय गार पडत असतील.

मग शेजारीण मला गावच्या लायब्ररीत घेऊन गेली. तुझ्याकडं कार्ड आहे ना? काउंटरवर 'इंटर लायब्ररी लोन' माग. दुसऱ्या लायब्ररीतलं पुस्तक तुझ्या लायब्ररीत येतं, बहुधा फुकट, क्वचित थोडे डॉलर. आणि मराठी पुस्तकं तिथं आहेत, चिकार आहेत. 1954च्या पीएल-480 कायद्याखाली अमेरिकेनं आपल्याला गहू दिला, पैसे रुपयांत घेतले. त्या रुपयांतून 1962 पासून भारतीय भाषांतली पुस्तकं खरेदी होऊन तिथल्या विद्यापीठांत गेली. शिकागो विद्यापीठाचा मराठी साठा तर मोठाच. हे ऐकून मामंजी म्हणाले, "म्हणजे रेशनवर आम्ही खाल्लेल्या गव्हाची पुस्तकं ही!"

एक गोम आहे. तिथल्या कॅटलॉगात मराठी नावं रोमन लिपीत, त्यांच्या पद्धतीनं लिहितात. 'च'ला नुसता सी, 'छ'ला सीएच. 'चरित्र' शोधताना सीएच टाकलंस तर हाती काही लागायचं नाही. मी दोन आठवडे असेच घालवले.

ई-पुस्तकं, कानानं ऐकायची पुस्तकं, सगळं आहे आता. तुझ्या पोराला दे ती. आबांना कागद लागतो. आणि पुस्तक आणायला त्यांनाच सोबत ने, तू एकटी जाऊन पिशवी भरून आणू नकोस. बूट कशासाठी घालायचे असतात?

आठवी तक्रार बर्फाची, ती मार्चमध्ये आपोआप मिटेल. नववी नणंदेची, त्यावर पुढं कधीतरी.

आणि हो, पुस्तक परत करायची तारीख आबांना मोठ्या अक्षरात लिहून दे. पहिलंच पुस्तक मामंजींनी उशाखाली ठेवून घेतलं, "अजून दोन प्रकरणं" करत. दंड मी भरला.