बेळगावात स्वस्त जुनी इलेक्ट्रिक गिटार मिळतेय. घ्यावी का, आणि आधी काय बदलावं?

घ्या, पण आधी मान (तारा दाबायचा लांब दांडा) बघा. बाकी सगळं बदलता येतं. पीळ पडलेली मान सरळ करायचा खर्च गिटारीपेक्षा जास्त. हेडस्टॉककडून (मानेचं खुंट्यांचं टोक) एक डोळा मिटून दोन्ही कडा न्याहाळा. एका पातळीत दिसल्या नाहीत तर सौदा सोडा. मग सहावी (सगळ्यात जाड) तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) एकाच वेळी दाबा: आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमध्ये साधारण ०.२५ मिमी फट हवी. जास्त असली तर ट्रस रॉड (मानेतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई) आवळा, एका वेळी पाव फेराच. रॉड आधीच पूर्ण आवळलेला आणि मान तरीही वाकलेली, तर अजिबात घेऊ नका.

खानापूर-जांबोटीकडच्या पावसात पडून राहिलेल्या गिटारीत खरखर असणारच. पॉट (आवाज आणि टोनच्या नॉबखालचा फिरता भाग) लगेच बदलू नका, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीसेक वेळा फिरवा. तरीही खरखरलं तर नवा पॉट: पिकअप (तारांचा आवाज टिपणारं चुंबक-कॉइल) सिंगल कॉइल म्हणजे एका कॉइलचा असेल तर २५० के (किलोओहम), हंबकर म्हणजे दोन कॉइलचा असेल तर ५०० के. तारांना हात लावूनही गुणगुण कमी होत नसेल तर ब्रिजखालची (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) अर्थ वायर तपासा, बहुतेक तीच सुटलेली असते.

पॉटच्या पाठीवर डाग देताना २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. टेकवून ठेवत बसलात की आतला कार्बनचा पट्टा जळतो. ४० ते ६० वॅटचा घ्या, दोन-तीन सेकंदांत काम उरका.

पैसे आधी नव्या तारांवर (०९–४२, म्हणजे बारीक जाडीचा संच) आणि हाडाच्या नटवर (हेडस्टॉकपाशी तारा बसतात ती खाचांची पट्टी) घाला, पिकअप सगळ्यात शेवटी. ट्यूनर (तार पिळायच्या खुंट्या) मागवण्यापूर्वी हेडस्टॉकमधलं भोक मोजा: ८ मिमी की १० मिमी.