जुळी शिंगरं रेसमध्ये जिंकू शकतात का?

शक्यता फारच कमी. खरं तर जुळी जिवंत जन्मणं हीच मोठी गोष्ट. घोडीची वार (गर्भाला पोसणारा अवयव) गर्भाशयाच्या जवळजवळ सगळ्या आतल्या भिंतीला चिकटते, त्यामुळे दोघांना पुरेल इतकी जागाच नसते. बहुतेक वेळा गर्भ पडतो, तोही कधीकधी आठव्या-नवव्या महिन्यात, आणि मग घोडीच्याही जिवावर बेतू शकतं.

म्हणूनच स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांची पैदास होते तिथे, गर्भधारणेच्या 14-15 व्या दिवशी सोनोग्राफी करतात. पडद्यावर जेमतेम दोन सेंटिमीटरचे दोन काळे गोल, म्हणजे दोन गर्भ, दिसले, की डॉक्टर गुदाशयात घातलेल्या हाताने त्यातला एक हलकेच दाबून फोडतात. साधारण 16 व्या दिवशी ते जागेवर रुततात. शेजारी-शेजारी रुतले, तर दुसऱ्याला धक्का न लावता एक काढणं अवघड होतं. ऐकायला क्रूर वाटतं, पण उरलेल्याला नीट वाढू देण्याचा हाच खात्रीचा मार्ग आहे.

तरीही दोन्ही जगलीच, तर बारकी, अशक्त, पायाने कच्ची असतात, आणि पुढे धावायचं असतं पूर्ण वाढलेल्या घोड्यांशी.

एक गैरसमजही सोडा: ही जुळी बहुधा दोन वेगळ्या बीजांची असतात. एक वेगवान निघालं म्हणून दुसरंही निघेल असं नाही.