सहा महिने आधी घाई कशाला केली?

प्रश्न : १९९९ ला राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार होतं, मुदत मार्च २००० पर्यंत होती, तरी विधानसभा आधीच बरखास्त करून लोकसभेबरोबर निवडणूक घेतली आणि सत्ता गेली. काँग्रेस तर तेव्हा फुटलेली होती, मग हे हरले कसे? आमचे वडील म्हणतात हाव नडली. (एक वाचक, बार्शी)

उत्तर : वडिलांचं निम्मं बरोबर आहे. हाव होतीच, पण हिशोब अगदीच येडपट नव्हता हो. एप्रिलमध्ये वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, मग कारगिल झालं, अटलजींची हवा तयार झाली. त्यात जूनमध्ये पवार, संगमा, तारिक अन्वर यांनी राष्ट्रवादी काढली, म्हणजे इकडे काँग्रेसची दोन शकलं. राणे मुख्यमंत्री होऊन जेमतेम काही महिने झालेले. मग कोणालाही वाटणारच की तवा तापलाय, पोळी भाजून घ्या, सहा महिन्यांनी ही हवा राहील का, आणि तोवर हे दोघे एक झाले तर?

आणि गंमत म्हणजे फुटीचा हिशोब बरोबरच निघाला. काँग्रेसला २७ टक्के मतं आणि राष्ट्रवादीला साडेबावीस, दोघांची बेरीज ५० च्या आसपास, आणि युतीची दोन्ही मिळून ३२. हे दोघे एकत्र लढले असते तर युतीचं पानिपत झालं असतं. फुटीमुळेच ३२ टक्क्यांवर १२५ आमदार आले.

पण १९९५ ला १३८ होते ना! आणि त्याच दिवशी त्याच मतदारांनी लोकसभेला युतीला ४८ पैकी २८ खासदार दिले, वर्षभरापूर्वी फक्त १० होते. म्हणजे हवा होती, पण ती दिल्लीची होती. आमच्या बूथवर तेव्हा कागदी मतपत्रिका, लोकसभेची पांढरी आणि विधानसभेची गुलाबी. आमचे एक काका शिक्का मारून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "पांढऱ्यावर अटलजी, गुलाबीवर घड्याळ!" पोलिंग एजंटचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. युतीला वाटलं दोन्ही मतपत्रिका एकत्र दिल्या की माणूस एकाच चिन्हावर शिक्के मारेल, पण आपल्याकडचा मतदार तेवढा भोळा नाही, दिल्ली कोणाला द्यायची आणि गल्ली कोणाला हे त्याला नीट कळतं.

खरा घोळ मात्र पुढे झाला. २८८ च्या सभागृहात १४५ लागतात, यांच्याकडे १२५, काँग्रेसचे ७५ आणि राष्ट्रवादीचे ५८ मिळून १३३, उरलेले ३० छोटे पक्ष आणि अपक्ष. म्हणजे अजून डाव मोडला नव्हता, पण मुख्यमंत्री राणे की मुंडे यावर युतीत ओढाताण सुरू झाली, आणि तोवर प्रचारात एकमेकांना शिव्या घालणारे दोन्ही काँग्रेसवाले एका टेबलावर येऊन बसले. १८ ऑक्टोबरला विलासराव मुख्यमंत्री, भुजबळ उपमुख्यमंत्री. समोरच्यांची फूट मतदानाच्या संध्याकाळपर्यंतच कामाची असते, निकालानंतर तिला कोण विचारतो, हे कोणी धरलंच नव्हतं. हातातले सहा महिने गेले आणि परत सत्ता बघायला २०१४ उजाडलं, १५ वर्षं!

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये असते, इथे अजूनही तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांच्या २०१७ च्या निवडणुकीचे टोमणे मारतात. त्या तर हरल्या नव्हत्या, मग एवढी नाचक्की का? (एक वाचक, लेस्टर)

उत्तर : हरल्या नाहीत, पण असलेलं घालवलं. आधी ३३० खासदार, काठावरचं का होईना बहुमत होतं, सर्व्हेमध्ये जवळपास २० टक्क्यांची आघाडी दिसत होती. मध्येच निवडणूक घेणार नाही असं वारंवार सांगून झालेलं, आणि १८ एप्रिलला बाईंनी अचानक जाहीर केलं की ८ जूनला मतदान. कारण काय तर ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बोलणीसाठी हात मजबूत करा. लोक विचारायला लागले, अहो मजबूत तर आहातच की!

मग जाहीरनाम्यात म्हाताऱ्यांच्या घरी होणाऱ्या देखभालीचा खर्च त्यांच्या घराच्या किमतीतून वळता करायची योजना आली, विरोधकांनी तिला विसरभोळेपणाच्या आजारावरचा कर असं नाव चिकटवलं, चार दिवसांत माघार घेतली आणि वर म्हणाल्या काहीही बदललेलं नाही. स्थिर आणि कणखर असा जप करणाऱ्या बाईंना हे महागात पडणारच. टीव्हीवरच्या डिबेटला स्वतः न जाता मंत्र्याला पाठवलं, तेही लोकांनी लक्षात ठेवलं.

शेवटी मतं ३७ वरून ४२ टक्क्यांवर गेली तरी जागा ३१७, कारण विरोधातली लेबर पार्टी त्याहून जास्त वाढली, ४० टक्के. मग उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या छोट्या पक्षाचे १० खासदार घ्यावे लागले, त्यांच्या भागाला १ अब्ज पौंड जादा देऊन. पण पैसा ही छोटी गोष्ट. आता पक्षातल्या दहा-बारा नाराजांच्या हातात सरकारचा गळा आला. जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा ब्रेक्झिट करार २३० मतांनी पडला, मे महिन्यात राजीनामा जाहीर. हात मजबूत करायला गेल्या होत्या!

प्रश्न : मग आधी निवडणूक घेऊन कोणाचं भलं झालंच नाही का? (तोच बार्शीचा वाचक)

उत्तर : झालंय की. इंदिरा गांधींनी लोकसभा वर्षभर आधी विसर्जित केली आणि १९७१ ला ३५२ जागा आणल्या. अलीकडचं म्हणाल तर तेलंगणात तेव्हाचे मुख्यमंत्री केसीआर यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये विधानसभा बरखास्त केली, ६३ चे ८८ झाले. पण त्यांनी युतीच्या बरोब्बर उलटं केलं होतं, विधानसभा लोकसभेपासून तोडून वेगळी घेतली, मोदींची हवा आपल्या गुलाबी कागदावर येऊच दिली नाही. पुढच्या एप्रिलमध्ये लोकसभा झाली तेव्हा त्यांना १७ पैकी ९ च मिळाल्या.